दुसरी आली आणि नियम बदलला

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या १९०२ सालच्या नियमांत एक फट राहून गेली होती. बर्फावर कोणत्या आकृत्या काढायच्या, त्यांना गुण कसे द्यायचे, याची व्यवस्था होती. बायकांनी स्पर्धेत उतरायचं नाही, असं मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. ही जागा कुणी मुद्दाम मोकळी ठेवलेली नव्हती. एखादी बाई अर्ज करेल, हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. लंडनच्या मॅज सायर्सने त्या वर्षी अर्ज केला. अडवायला नियम नव्हता, आणि वीस वर्षांची ही बाई जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पुरुषांच्या बरोबरीने उतरली. स्वीडनच्या उलरिक साल्कोच्या खालोखाल ती दुसरी आली. पुढच्याच वर्षी ती फट बुजवण्यात आली.

बुलढाण्यात बसून बर्फावरच्या खेळाबद्दल लिहायचं म्हणजे जरा धाडसच. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं आमचं गाव विदर्भात थंड हवेचं म्हणून ओळखलं जातं खरं, पण इथं बर्फ दिसतो तो रसवंतीत आणि गोळ्याच्या गाडीवर. तरी मॅजची गोष्ट बुलढाण्याच्या वाचकाला परकी वाटू नये. तिला ज्या कारणांनी बाहेर काढलं, त्या कारणांचा समाचार याच गावातल्या एका बाईने वीस वर्षं आधी घेऊन ठेवला होता. त्याकडे येऊच, आधी मॅज.

तिचं माहेरचं नाव फ्लॉरेन्स मॅडलिन केव्ह. जन्म १६ सप्टेंबर १८८१, लंडनच्या केन्सिंग्टन भागात. वडील एडवर्ड केव्ह हे इमारती बांधणारे व्यावसायिक, आणि घरात एकूण पंधरा भावंडं. पोहणं आणि घोडेस्वारी या दोन्हींत ती तयार होती, आणि नाइट्सब्रिज भागातल्या प्रिन्सेस स्केटिंग क्लबमध्ये तिचं नेहमीचं जाणं-येणं होतं. हा क्लब उच्चभ्रूंचा. खेळाला त्या काळी पैसा मिळत नव्हता, उलट लागत होता. मॅज खेळू शकली यात तिच्या घरच्या सुबत्तेचा वाटा मोठा होता, हे आधीच कबूल केलेलं बरं. गिरणीत काम करणाऱ्या तिच्या वयाच्या मुलींना बर्फ दिसत होता तो रस्त्यावरचा.

एकाच खेळाला आयुष्य वाहून घेण्याची आजची पद्धत तेव्हा रुजलेली नव्हती. मॅजहून दहा वर्षांनी मोठी असलेली लॉटी डॉड हे त्या पिढीचं टोकाचं उदाहरण. तिने १८८७ मध्ये पंधराव्या वर्षी विम्बल्डन जिंकलं, पुढे आणखी चार वेळा जिंकलं, मग टेनिस बाजूला ठेवून इंग्लंडकडून हॉकी खेळली, १९०४ मध्ये ब्रिटिश महिला गोल्फ स्पर्धा जिंकली आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीत रौप्यपदक मिळवलं. मधल्या काळात स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला जाऊन तिने स्केटिंगची पुरुषांसाठी असलेली परीक्षाही दिली आणि पास झाली. अशा बायका मूठभर होत्या, पण होत्या. मॅज त्यांच्यातलीच, फरक इतकाच, की तिने एका खेळात थेट पुरुषांच्या जागतिक स्पर्धेत पाय ठेवला.

हा खेळ नेमका काय होता, हे समजल्याशिवाय पुढची भानगड कळायची नाही. आज टीव्हीवर दिसणारं फिगर स्केटिंग म्हणजे संगीत, उड्या, गिरक्या आणि चमचमते कपडे. त्या काळचं स्केटिंग बरंचसं शांत होतं, आणि त्यात पाहण्याची वस्तू खेळाडूइतकीच त्याच्यामागे बर्फावर उरणारी रेघ असे. फिगर म्हणजे आकृती. खेळाडूने पायाने बर्फावर भूमिती काढायची.

बुटाखालचं पातं दिसतं एकसंध, पण त्याच्या तळाला लांबीभर खाच कोरलेली असते, उलट्या धरलेल्या पन्हळीसारखी. त्यामुळे पात्याला दोन धारा मिळतात, एक पायाच्या आतल्या बाजूची आणि एक बाहेरची. शरीर किंचित कलवलं, की एकच धार बर्फाला टेकते आणि खेळाडू आपोआप वळणावर जातो. सरळ उभं राहिलं तर दोन्ही धारा टेकतात, बर्फावर जोडरेघ उमटते आणि पंच गुण कापतात. सगळ्यात साधी आकृती आठाची, म्हणजे एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळं. मध्यबिंदूवरून एका पायाने सुटायचं, खेळाडूच्या उंचीच्या साधारण तिप्पट व्यासाचं वर्तुळ त्याच पायावर, त्याच धारेवर पूर्ण करून मध्यबिंदूवर परत यायचं, पाय बदलायचा आणि दुसरं वर्तुळ काढायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण हे तीनदा करायचं असतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळची रेघ पहिल्या रेघेवरच पडली पाहिजे. झालं की पंच बर्फावर उतरून, वाकून, रेघा किती सरकल्या ते बघत. नवशिक्याच्या आठाचं एक वर्तुळ भोपळ्याएवढं तर दुसरं लिंबाएवढं निघतं. या आठातच पुढे वळणं, उलटी वळणं, फासे घालत आकृत्या अवघड होत जातात. या सक्तीच्या आकृत्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून थेट १९९० मध्ये हद्दपार झाल्या. तोवर त्या या खेळाचा कणा होत्या.

मुळात बर्फावरून घसरता येतं कसं? पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो आणि पाण्याच्या थरावरून आपण घसरतो, असं शाळेत शिकवलं जाई. दाबाचा हा परिणाम इतका किरकोळ असतो, की कडाक्याच्या थंडीतलं स्केटिंग त्याने समजावता येत नाही. बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात, त्यामुळे गोठणबिंदूच्या खालीसुद्धा वरचा अगदी पातळ थर अर्धवट द्रवासारखा वागतो; मायकेल फॅरेडेने १८५० च्या सुमारासच असा अंदाज केला होता. त्यात पात्याच्या घर्षणाची उष्णता मिळते. लंडनच्या हवेवर बर्फासाठी भरवसा ठेवता येत नसे, म्हणून १८७६ मध्ये जॉन गॅमजी नावाच्या माणसाने चेल्सी भागात जमिनीवर तांब्याच्या नळ्या पसरून, त्यांतून ग्लिसरीन मिसळलेलं थंडगार पाणी खेळवून, वर बर्फ जमवला. यंत्राने बर्फ जमवलेली ही जगातली पहिली रिंक. मॅजच्या तरुणपणापर्यंत असा कृत्रिम बर्फ लंडनच्या क्लबात रुळला होता. थंडीची वाट न पाहता महिनोन्‌महिने सराव करता येणारी ही पहिली पिढी.

त्या बर्फावर इंग्रजांची स्वतःची एक शैली होती. अंग ताठ, हात शरीराला लागून, गुडघा सरळ आणि चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. चार-सहा जण मिळून मोठाल्या आकृत्या काढत आणि मध्यबिंदू कळावा म्हणून बर्फावर चक्क एक संत्रं ठेवत. विदर्भातल्या माणसाला संत्र्याचा हा उपयोग मौजेचा वाटेल. दुसरीकडे व्हिएन्नात वेगळंच वारं होतं. जॅक्सन हेन्स या अमेरिकन नर्तकाने १८६० च्या दशकात तिथं वॉल्ट्झच्या सुरांवर स्केटिंग करून दाखवलं होतं. हात मोकळे, गुडघा लवचीक, सगळं शरीर चालीत. इंग्रजी पंडितांना ते नाटकी वाटे.

एडगर सायर्स हा या युरोपीय शैलीचा इंग्लंडमधला खंदा पुरस्कर्ता. स्वतः खेळाडू, प्रशिक्षक आणि लेखक. मॅजची आणि त्याची ओळख १८९९ मध्ये झाली. तो तिच्याहून अठरा वर्षांनी मोठा. त्याने तिला ताठ इंग्रजी शैली सोडायला लावली आणि १९०० मध्ये दोघांनी लग्न केलं. त्याच वर्षी बर्लिनमधल्या जोडीच्या स्पर्धेत दोघं दुसरे आले. तिच्या कारकिर्दीत नवऱ्याचा हात होता, हे सांगताना काही लेखक मॅजला त्याची निर्मिती करून टाकतात. ते खरं नाही, आणि ते का खरं नाही हे बर्फावर लवकरच सिद्ध झालं.

मग आलं १९०२. संघटनेची स्थापना १८९२ ची, पहिली जागतिक स्पर्धा १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला झालेली. म्हणजे स्पर्धा कोवळ्या वयाची होती आणि त्या वर्षी लंडनला स्पर्धकही मोजकेच होते. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण मॅजचं दुसरं स्थान फुगवून सांगण्याची गरज नाही. पण तिच्या पुढे कोण होता ते पाहा. उलरिक साल्को एकूण दहा वेळा जगज्जेता झाला. त्याच्या नावाची उडी आजही प्रत्येक स्केटर शिकतो. मागे जर्मनीचा मार्टिन गॉर्डान होता. साल्कोने आपलं सुवर्णपदक मॅजला देऊ केलं, खरी विजेती तीच असं तो म्हणाला, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो-नसो, पुढच्या वर्षीच्या घडामोडींवरून एवढं दिसतं, की दुसऱ्या क्रमांकाने बरीच झोप उडवली होती.

१९०३ च्या बैठकीत संघटनेने या स्पर्धेचं दार स्त्रियांना बंद केलं. कारणं तीन सांगितली गेली. पहिलं, लांब झग्यामुळे पंचांना पाय दिसत नाहीत. दुसरं, एखाद्या पंचाचं मन स्पर्धक मुलीवर जडलेलं असेल तर निवाडा निःपक्षपाती कसा होणार? तिसरं, स्त्रियांची पुरुषांशी तुलना करणं अवघड आहे.

ही तीन कारणं ओळीने वाचली की त्यांतली गंमत लक्षात येते. पहिल्यात थोडा तरी अर्थ आहे. ज्या खेळात पायाची धार बघायची, तिथं घोट्यापर्यंत कापड ही अडचण खरीच. पण त्यावर उपाय शिंप्याकडे होता, त्यासाठी संघटनेच्या ठरावाची गरज नव्हती. दुसऱ्यात पंचाच्या मनाचा दोष मुलीच्या खात्यावर टाकला आहे. पंचांची खेळाडूंशी मैत्री, देशबांधवाला दोन गुण जास्त देण्याची सवय, या गोष्टी या खेळात पुढची शंभर वर्षं गाजत राहिल्या. त्यासाठी कुणी पुरुषांची स्पर्धा बंद केली नाही. आणि तिसरं कारण तर सरळ विपरीत आहे. तुलना अवघड म्हणे! तुलना नुकतीच झाली होती. पंचांनी एकाच बर्फावर, त्याच आकृत्यांना, त्याच मापाने गुण दिले होते आणि निकाल लागला होता. अडचण तुलना होत नाही ही नव्हती, झाली ही होती.

इथं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवल्याशिवाय राहत नाहीत. जन्म १८५० च्या सुमाराचा, वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक विचाराचे. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःच्या अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, नंतर ती जन्मठेपेवर आली. त्या निमित्ताने पुण्याच्या एका वृत्तपत्राने सगळ्या स्त्रीजातीलाच झोडपलं. ताराबाईंनी उत्तरादाखल पुस्तक लिहिलं, ‘स्त्री-पुरुष तुलना’. ते १८८२ मध्ये पुण्यात छापलं गेलं. बायकांच्या माथी जे जे दुर्गुण मारले जातात ते एकेक घेऊन पुरुषांना त्याच तराजूत बसवायचं, ही या पुस्तकाची रीत. भाषा फटकळ, घरच्या बोलण्यातली, आणि युक्तिवाद वकिलालाही भारी पडावा असा. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. नंतर पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणलं.

ताराबाईंना स्केटिंग ठाऊक असण्याचं कारण नाही आणि मॅजला ताराबाई. पण १९०३ च्या त्या बैठकीतली तीन कारणं ताराबाईंच्या हाती पडली असती तर त्यांची काय गत झाली असती, याची कल्पना ते पुस्तक वाचलेल्याला करता येईल. एका बाजूला विदर्भातली एक बाई तुलना करा म्हणते. दुसऱ्या बाजूला युरोपातले सभ्य गृहस्थ तुलना नको म्हणतात. माझ्या मते दोघांचाही हिशेब बरोबर होता. तुलनेत कोणाचं काय जाणार हे दोन्ही पक्षांना नीट समजलं होतं.

मॅजने पत्रकं काढली नाहीत. ज्या गोष्टी हातात होत्या त्या केल्या. झगा पोटरीपर्यंत आखूड करून घेतला, म्हणजे पहिलं कारण निकालात निघालं. जागतिक स्पर्धा बंद असली तरी ब्रिटनची राष्ट्रीय स्पर्धा स्त्री-पुरुष दोघांना खुली होती. स्वीडिश कप या नावाची ती स्पर्धा १९०३ मध्ये पहिल्यांदा झाली आणि मॅजने होरेशियो टोरोमे या पुरुषाला मागे टाकून ती जिंकली. हा टोरोमे १९०२ च्या जागतिक स्पर्धेतही तिच्या मागेच होता. १९०४ मध्ये तिने पुन्हा ती जिंकली, आणि या वेळी दुसरा आला एडगर सायर्स. नवरा, प्रशिक्षक आणि प्रतिस्पर्धी असा तिहेरी माणूस हरवल्यावर ‘त्याची निर्मिती’ हे बोलणं बंद व्हायला हवं होतं. मन जडण्याच्या कारणाचाही याहून चांगला समाचार दुसरा कोणता असणार!

संघटनेला माघार घ्यावी लागली, पण अर्धीच. १९०५ मध्ये स्त्रियांसाठी वेगळी अजिंक्यपद स्पर्धा घेण्याचं ठरलं. पहिली १९०६ मध्ये स्वित्झर्लंडच्या दावोसला झाली. मॅज पहिली, ऑस्ट्रियाची जेनी हर्झ दुसरी, हंगेरीची लिली क्रोनबर्गर तिसरी. १९०७ मध्ये व्हिएन्नाला पुन्हा तोच क्रम. या दोन स्पर्धांना जागतिक स्पर्धेचा दर्जा मागाहून देण्यात आला.

वेगळ्या स्पर्धेचं मोल काय, यावर सरळ उत्तर देणं कठीण आहे. एकीकडे तिने शेकडो मुलींना बर्फावर आणलं. पुरुषांच्याच स्पर्धेत जागा मागत बसावं लागलं असतं तर एखादी मॅज आणि एखादी लॉटी सोडून कुणाचं नाव आलं नसतं. क्रोनबर्गरने १९०८ पासून सलग चार वर्षं हा किताब जिंकला, तो वेगळी स्पर्धा होती म्हणून. दुसरीकडे, ज्या बाईने पुरुषांच्या रांगेत दुसरं स्थान मिळवलं होतं, तिला पहिल्या स्थानासाठी पुन्हा कधी प्रयत्न करता आला नाही. साल्कोशी तिचा सामना तिथंच संपला. दार उघडलं ते शेजारचं, आणि तिचं आधीचं दार कायमचं लागलं.

१९०८ मध्ये ऑलिंपिक लंडनला आलं आणि त्यात पहिल्यांदाच बर्फावरचा खेळ घेतला गेला. हिवाळी ऑलिंपिक सुरू झालं ते १९२४ मध्ये, फ्रान्सच्या शामोनीला. त्याआधी सोळा वर्षं, ऑक्टोबरच्या अखेरीस, प्रिन्सेस क्लबच्या कृत्रिम बर्फावर ही स्पर्धा झाली. त्या संपूर्ण ऑलिंपिकमध्ये सुमारे दोन हजार खेळाडूंत स्त्रिया जेमतेम ३७, आणि खेळ मुख्यतः तीन: तिरंदाजी, टेनिस, स्केटिंग. तिरंदाजीत सोन्याची मानकरी ठरलेली क्वीनी न्यूअल ५३ वर्षांची होती. दुसरी आपली लॉटी डॉड.

स्केटिंगच्या महिला गटात पाच जणी होत्या. आधी सक्तीच्या आकृत्या, मग मोकळं स्केटिंग. मॅजला पाचही पंचांनी पहिला क्रमांक दिला. जर्मनीची एल्सा रेंडश्मिट दुसरी आणि ब्रिटनची डोरथी ग्रीनहाउ-स्मिथ तिसरी. जोडीच्या प्रकारात मॅज आणि एडगर यांना कांस्यपदक मिळालं. जोड्या तीनच होत्या, हेही सांगून टाकलं पाहिजे. पदक आपोआप येणारं होतं. पण वैयक्तिक सोन्याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

तिथंच तिची कारकीर्द थांबली. वय २७, तब्येत साथ देईना. त्याच वर्षी तिचं आणि एडगरचं हिवाळी खेळांवरचं पुस्तक निघालं, १९१३ मध्ये स्केटिंगच्या कलेवर दुसरं. ती लिहीत होती, शिकवण्यासारखं तिच्याकडे भरपूर होतं. ९ सप्टेंबर १९१७ रोजी हृदयाच्या आतल्या आवरणाला सूज येऊन ती गेली. छत्तिसावा वाढदिवस एका आठवड्यावर होता. प्रतिजैविकं अजून यायची होती. हृदयाच्या या आजारातून उठणारी माणसं तेव्हा फारच थोडी. महायुद्ध ऐन भरात होतं आणि रोज हजारो माणसं मरत होती, त्यामुळे एका स्केटिंगपटूच्या जाण्याची दखल ती कितीशी घेतली जाणार? जागतिक फिगर स्केटिंगच्या मानकऱ्यांच्या यादीत तिचं नाव आलं १९८१ मध्ये, जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

तिच्यामागून आलेल्यांनाही कपडे आणि शालीनता यांचा जाच चुकला नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या थेरेसा वेल्डने साल्को उडी मारली तर पंचांनी तिला बायकांना न शोभणारं वागू नकोस म्हणून समज दिली. झगा गुडघ्यावर गेला होता म्हणे. तरी तिने कांस्य मिळवलं. चार वर्षांनी नॉर्वेची अकरा वर्षांची सोन्या हेनी आखूड झग्यात उतरली आणि शेवटची आली, पण पुढची तीन ऑलिंपिक सुवर्णं तिचीच होती, आणि आखूड झगा हाच रिवाज झाला.

तुलनेची भीती मात्र बर्फापुरती नव्हती. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट नेमबाजीची स्पर्धा स्त्री-पुरुष दोघांची एकत्र होती. उडत्या तबकड्या टिपायच्या. त्यात ताकदीचा प्रश्न फारसा येत नाही. चीनच्या झांग शानने पुरुषांना मागे टाकत सोनं जिंकलं. १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी होती आणि तिला आपलं विजेतेपद राखायला उतरताच आलं नाही. महिलांची वेगळी स्पर्धा आली २००० मध्ये. एकत्र स्पर्धा मोडण्याचा निर्णय बार्सिलोनाच्या आधीच झाला होता, म्हणून तो तिच्या विजयावरचा सूड होता असं म्हणता येत नाही. पण निकाल समोर आल्यावरही तो कुणी फिरवला नाही. खुद्द फिगर स्केटिंगमध्ये २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्येही छोट्या कार्यक्रमात हवेत चार गिरक्यांची उडी मारायला पुरुषांना मुभा होती, स्त्रियांना नव्हती. मारता येणाऱ्या मुली तोवर तयार झाल्या होत्या.

आपल्याकडच्या चित्राचा रंग निराळा, पण रेषा ओळखीच्या आहेत. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री मुंबईची लीला राव, साल १९३४. तिची आई पंडिता क्षमा राव, शंकर पांडुरंग पंडितांची मुलगी, संस्कृतात काव्यं लिहिणारी. म्हणजे एका घरात आईच्या हाती लेखणी आणि लेकीच्या हाती रॅकेट. वांद्र्याची मेरी डिसोझा १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला १०० आणि २०० मीटर धावली आणि पुढे देशाकडून हॉकीही खेळली. एका खेळावर समाधान न मानणाऱ्या लॉटी-मॅजच्या पंगतीतली. या दोघींच्या खेळाबद्दल मराठीत जेवढं लिहिलं जायला हवं होतं, त्याच्या पासंगालाही आपण पोचलेलो नाही.

आणि बुलढाणा? इथं बर्फाची रिंक नाही, पण तिरंदाजी आहे, आणि ती जगाच्या पातळीवरची आहे. बुलढाणा पोलीस दलातल्या मोनाली जाधव यांनी २०१९ मध्ये चीनमधल्या छंगदूला भरलेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन दलांच्या क्रीडास्पर्धेत तिरंदाजीची सुवर्णपदकं आणली. इथल्याच प्रथमेश जावकरने २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला एका गुणाने हरवून कंपाउंड प्रकारात सोनं घेतलं.

तिरंदाजीचं उदाहरण या लेखाच्या ओघात फार सोयीचं आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बायका ६० आणि ५० यार्डांवरून बाण मारत. पुरुषांची सुरुवात १०० यार्डांपासून होई. नाजूक बाहूंना झेपेल तेवढंच, असा हिशेब. आज ऑलिंपिकचं लक्ष्य दोघांनाही ७० मीटरवर असतं, म्हणजे क्वीनी न्यूअलच्या सर्वांत लांबच्या टप्प्याहूनही पंधरा मीटर दूर. कंपाउंड प्रकारात दोघांनाही ५० मीटर. गुणपद्धतीही तीच. टोकियो ऑलिंपिकपासून एक पुरुष आणि एक स्त्री मिळून खेळायचा मिश्र प्रकारही आला आहे. त्यात दोघांचे बाण एकाच लक्ष्यावर पडतात आणि गुण एकाच बेरजेत जातात.

जिल्ह्यातल्या शाळांना आणि क्रीडा मंडळांना त्यामुळे एक सुचवावंसं वाटतं. ज्या खेळात अंतर, लक्ष्य आणि माप मुलामुलींना सारखंच आहे, त्या खेळाचे निकाल फलकावर लावताना मुलांची यादी वेगळी आणि मुलींची वेगळी तर लावाच, पण शेजारी एक एकत्र यादीही लावा. बक्षिसं वेगळी राहू द्या. खर्च एका कागदाचा आहे. मुलगी त्या यादीत चौथी असेल, नववी असेल, कदाचित पहिलीही असेल; कुठं आहे ते तिला कळू द्या, आणि मुलांनाही.